'बेसरविसर' आणि 'बेसरवेसी' : मराठीत नेमका शब्द कोणता?

शब्दवेध (धागालेखिका)

मी पुण्यात गेली २२ वर्षे जर्मन शिकवते आणि अधूनमधून भाषांतराचे कामही करते. सध्या माझ्यापुढे सॅक्सनीतील एका वृद्ध बाईंच्या हस्तलिखित आठवणींची चाळीसएक पाने आहेत. पूर्व जर्मनीच्या काळात त्या एका सूतगिरणीत पर्यवेक्षक होत्या, आणि दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर त्यांच्या गिरणीचे काय झाले ते त्यांनी नातवंडांसाठी लिहून ठेवले आहे. त्यांची एक नातसून मराठी आहे आणि तिच्या आईवडिलांना ही पाने वाचता यावीत म्हणून त्या कुटुंबानेच हे काम माझ्याकडे दिले आहे.

दोन वाक्यांपाशी मी आठवडाभर अडले आहे. एके ठिकाणी बाई आपल्या दिवंगत पतीला 'माझा लाडका बेसरविसर' म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी गिरणीत पश्चिमेकडून आलेल्या नव्या व्यवस्थापकाबद्दल त्या लिहितात : 'मग आमच्याकडे बेसरवेसी आला. आमचे एकही यंत्र चालताना त्याने पाहिले नव्हते, पण ते कसे चालवायचे हे त्याला आमच्याहून चांगले ठाऊक होते.'

'बेसर' म्हणजे अधिक चांगले आणि 'विसर' म्हणजे जाणणारा. मराठी कानाला 'विसर' म्हटले की विस्मरण आठवते, त्यामुळे वर्गात दरवर्षी कोणीतरी या शब्दाचा अर्थ 'विसरभोळा' असा लावतो आणि मला हा शब्द फळ्यावर फोडून दाखवावा लागतो. अर्थ सांगणे सोपे आहे : प्रत्येक बाबतीत आपल्याला इतरांहून जास्त कळते असे मानणारा आणि ते बोलून दाखवणारा माणूस. मात्र पतीसाठी आणि व्यवस्थापकासाठी बाईंनी वापरलेल्या शब्दांचे नाते मराठीत टिकवायचे कसे, हे मला सुचत नाही. कृपया पर्याय सुचवताना तो का योग्य वाटतो तेही लिहावे.

राजगडची वाट

माझ्या मते 'दीडशहाणा' हा शब्द जसाच्या तसा चालावा. मराठीत शहाणपण मोजण्याची जुनी सवय आहे आणि या मोजण्यातच स्तुती किंवा निंदा ठरते. पेशवाईतले 'साडेतीन शहाणे' सर्वांना माहीत आहेत : सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडील विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, तर नाना फडणवीस अर्धे, कारण मुत्सद्देगिरीला तलवारीची जोड त्यांच्याकडे नव्हती असे त्याचे कारण सांगितले जाते. तिथे 'अर्धा शहाणा' हीसुद्धा मोठी पदवी आहे, आणि एका माणसाला दीड शहाणपण चिकटले की तीच शिवी होते. माणसाच्या वाट्याला जास्तीत जास्त एक शहाणपण यायचे, त्यावरचे अर्धे त्याने स्वतःच जोडून घेतलेले असते, हा भाव मला 'बेसरविसर'च्या अगदी जवळचा वाटतो. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' या म्हणीतही हेच आहे.

शब्दवेध

आपला मुद्दा मला आवडला, कारण जर्मनमध्येही हे मोजणे आहे. तिथे 'नॉइनमालक्लूग' असा शब्द आहे, म्हणजे नऊ पट हुशार, आणि तोही निंदेचाच आहे. 'दीडशहाणा' हा शब्द मी त्याच्यासाठी लगेच वापरीन. अतिशहाण्यांसाठी जर्मनमध्ये पुष्कळ शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. 'नाझेवाइस' म्हणजे शब्दशः नाकाने शहाणा. मुळात हा शब्द तीव्र घ्राणेंद्रियाच्या शिकारी कुत्र्यासाठी वापरला जात असे, आणि आज तो मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसणाऱ्या आगाऊ मुलाला लावतात. 'रेश्टहाबर' म्हणजे आपलेच खरे करणारा. त्याला ज्ञानाशी कर्तव्य नसते, वादात हार मानायची नसते एवढेच. 'क्लूगशायसर' हा तर इतका ग्राम्य आहे की त्याचा दुसरा अर्धा भाग मी इथे उलगडत नाही.

'बेसरविसर' यांच्यापेक्षा वेगळा आहे तो 'बेसर' या तुलनेमुळे. त्याला किती कळते हे या शब्दात सांगितलेलेच नाही. तुमच्यापेक्षा चांगले कळते, एवढेच त्यात आहे. त्यामुळे हा माणूस एकटा असू शकत नाही, त्याच्यासमोर कमी कळणारा दुसरा कोणीतरी असावाच लागतो. जर्मन भाषेला हे सहज जमते, कारण 'गूट' (चांगला) याचे 'बेसर' केले की तुलना शब्दाच्या पोटात शिरते आणि कोणाशी तुलना ते सांगावे लागत नाही. मराठीत विशेषणाला असे तुलनादर्शक रूप नाही. आपण 'पेक्षा' किंवा 'हून' वापरतो, आणि त्याच्या आधी कोणाचे तरी नाव घ्यावेच लागते. 'उच्चतर'सारखी संस्कृत रूपे आहेत, पण ती घरात कोणी बोलत नाही. माझी अडचण व्याकरणातून सुरू होते ती अशी.

हेच दोन शब्द जर्मन फौजदारी कायद्यात फार गंभीरपणे येतात. बदनामीच्या कलम १८७ मध्ये 'विडर बेसरेस विसेन' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे स्वतःला खरे काय ते ठाऊक असतानाही त्याच्या विरुद्ध केलेले विधान. तिथे 'अधिक चांगले जाणणे' ही माणसाच्या आतली गोष्ट आहे आणि ती त्याच्या बोलण्यावर साक्षीसारखी उभी राहते. तेच जाणणे दुसऱ्यावर रोखले की त्याचा 'बेसरविसर' होतो. हा फरक मला वर्षानुवर्षे विलक्षण वाटत आला आहे.

संहिता

'विसर' शब्दावर थोडे लिहिते, कारण तो आपल्या घरचाच आहे. जर्मन 'विसेन' आणि संस्कृत 'विद्' यांचे मूळ एक आहे. 'मला ठाऊक आहे' या अर्थी जर्मन माणूस 'इश वाइस' म्हणतो. त्यातले 'वाइस' आणि 'अहं वेद' मधले 'वेद' ही एकाच प्राचीन रूपाची दोन वळणे आहेत. हे रूप मुळात भूतकाळी आहे आणि धातूचा जुना अर्थ 'पाहणे' असा आहे, जो लॅटिनमध्ये 'विदेओ' म्हणजे 'मी पाहतो' या रूपात टिकून राहिला. 'मी पाहिले आहे, म्हणून मला ठाऊक आहे' असा तो प्रवास आहे. वेद, विद्या, विद्वान, कोविद हे सारे शब्द याच कुळातले. आपला 'शहाणा' मात्र 'सज्ञान' वरून आला, म्हणजे 'ज्ञा' धातूच्या दुसऱ्या घराण्यातला. त्याचे जर्मन भावंड 'केनेन' हे आहे.

संस्कृतमध्ये अशा माणसासाठी 'पंडितंमन्य' हा घडीव शब्द आहे. स्वतःला तसा मानणारा, या अर्थाचा प्रत्यय पाणिनीने 'आत्ममाने खश्च' (३.२.८३) या सूत्रात सांगितला आहे. कठोपनिषदातही अविद्येत राहून स्वतःला धीर आणि पंडित मानणारे लोक आंधळ्याने नेलेल्या आंधळ्यांसारखे भटकतात असे म्हटले आहे. तरीही शब्दवेध यांच्या कसोटीवर हा शब्द अपुरा पडतो हे मी मान्य करते. पंडितंमन्य माणूस बंद खोलीत एकटा बसूनही पंडितंमन्य राहू शकतो. त्याची चूक स्वतःविषयी आहे, समोरच्याविषयी नाही.

उत्तरवारा

मी गेली अकरा वर्षे स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे राहतो. इथे 'बेसरविसर' हा शब्द रोजच्या बोलण्यात इतका रुळला आहे की शाळकरी मुलेही तो एकमेकांना लावतात, आणि स्वीडिश शब्दकोशातही तो जर्मन स्पेलिंगसह आहे. फिनलंडमधले माझे सहकारीही तो वापरतात, त्यांच्यातले काही जण फिनिश वळणाने शेवटी 'ई' जोडतात. नॉर्वेत जर्मन शब्द चालतोच, शिवाय 'बेद्रेवीतर' हे स्वतःचे रूपही आहे, आणि डच लोक 'बेतवेतर' म्हणतात. संहिता यांनी सांगितलेला 'विद्' या दोन्ही शब्दांच्या शेवटी स्पष्ट ऐकू येतो.

स्वीडिश भाषेत 'अधिक चांगले' आणि 'जाणणे' या दोन्हींसाठी स्वतःचे सख्खे शब्द असताना जर्मन शब्द का घेतला, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. मध्ययुगात हान्झा या उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघातल्या व्यापाऱ्यांमुळे उत्तर जर्मनीच्या बोलीतले असंख्य शब्द स्वीडिशमध्ये शिरले ही एक गोष्ट, आणि पुढे १९४० च्या दशकापर्यंत शाळेतली पहिली परकी भाषा जर्मन होती ही दुसरी. इंग्रजीने तिची जागा घेतली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे शिकलेल्या माणसाची, मास्तरांची भाषा म्हणून जर्मनचा एक दरारा इथल्या कानात होता. 'तुझे चुकले' असे सांगणाऱ्याला त्या भाषेतला शब्द चिकटावा हे मला स्वाभाविक वाटते. हे माझे मत आहे, भाषाशास्त्रज्ञांचा निर्णय नव्हे.

आपल्याकडे त्याच्या शेजारी बसेल असा शब्द माझ्या मते 'पंतोजी' असू शकेल, पण त्यात वयाचा आणि छडीचा वास जास्त आहे.

एल्स्टरकाठ

मी लाइपझिगमध्ये अभियंता म्हणून काम करतो. चर्चा 'बेसरविसर'वर चालली आहे, पण शब्दवेध यांचे अवघड वाक्य 'बेसरवेसी'चे आहे, आणि त्या शब्दाचा काळ समजून घेतल्याशिवाय त्याला मराठी कपडे चढवू नयेत असे मला मनापासून वाटते.

'वेसी' म्हणजे पश्चिम जर्मनीतला माणूस आणि 'ओसी' म्हणजे पूर्वेचा. बर्लिनची भिंत पडण्याआधीही पश्चिम बर्लिनचे लोक पश्चिम जर्मनीच्या मुख्य भूमीतून आलेल्या पाहुण्यांना 'वेसी' म्हणत असत. १ जुलै १९९० रोजी पूर्वेत पश्चिमेचे मार्क हे चलन आले आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी देश एक झाला. त्यानंतर 'विसर'च्या जागी 'वेसी' बसवून 'बेसरवेसी' तयार झाला, आणि जर्मन भाषा मंडळाने १९९१ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून त्याचीच निवड केली. एका स्वराच्या आणि एका अक्षराच्या फरकाने एका माणसाचा दुर्गुण एका संपूर्ण प्रदेशाला लावला गेला.

तो का लावला गेला हे पूर्वेतल्या वयस्कर माणसांशी बोलल्यावर कळते. पूर्वेचे सरकारी उद्योग विकण्यासाठी 'ट्रॉयहांड' नावाची संस्था नेमली होती. सुरुवातीला तिच्या ताब्यात सुमारे ८,५०० उद्योग आणि त्यांतले सुमारे ४० लाख कामगार होते, आणि १९९४ च्या अखेरीस तिचे काम संपवण्यात आले. या चार-साडेचार वर्षांत हजारो कारखाने विकले गेले किंवा बंद पडले. कारखान्यांत, कचेऱ्यांत, न्यायालयांत आणि विद्यापीठांत वरच्या खुर्च्यांवर पश्चिमेचे लोक आले. पूर्वेत जाऊन काम करणाऱ्या पश्चिमेच्या सरकारी नोकरांना जो जादा भत्ता मिळे, त्याला लोकांनी 'बुशत्सूलागे' म्हणजे 'जंगलभत्ता' असे नाव दिले. आपले गाव दुसऱ्याच्या हिशेबात जंगल आहे, हे ज्यांनी त्या काळी ऐकले ते आजही तो शब्द उच्चारताना थांबतात.

पश्चिमेचा प्रत्येक माणूस असा नव्हता हेही लिहिले पाहिजे. कुर्ट बीडेनकोप्फ पश्चिमेतूनच सॅक्सनीत आले आणि १९९० ते २००२ अशी बारा वर्षे तिथले मुख्यमंत्री राहिले. लोक त्यांना 'राजा कुर्ट' म्हणत. बाहेरून येणे हा 'बेसरवेसी'तला दोष नाही. 'तुमची ४० वर्षे वाया गेली, आता आम्ही सांगतो तसे करा' हा सूर दोषाचा आहे. म्हणून 'दीडशहाणा' मला इथे फार हलका वाटतो. दीडशहाण्याला हसून सोडून देता येते. बेसरवेसीच्या हातात नेमणूकपत्र होते.

माणदेशी

एल्स्टरकाठ यांचा प्रतिसाद वाचून मला लहानपणी आजीने सांगितलेली गोष्ट आठवली आणि मला वाटते की शब्द तिथेच आहे : 'उंटावरचा शहाणा'.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी तपशिलासाठी लिहितो. एका घरात वासराने पाण्याच्या रांजणात तोंड घातले आणि ते अडकले. गावकऱ्यांना उपाय सुचेना, तेव्हा उंटावरून चाललेल्या एका शहाण्याला त्यांनी बोलावले. तो उंटावरून उतरायला तयार नव्हता, म्हणून त्याला आत घेण्यासाठी आधी घराचा दरवाजा पाडला. आत आल्यावर त्याने उंटावरूनच सल्ला दिला की वासराची मान कापा. मान कापली तर मुंडके रांजणात राहिले, तेव्हा तो म्हणाला की आता रांजण फोडा. दरवाजा गेला, वासरू गेले, रांजणही गेला, आणि शहाणा आला तसा निघून गेला.

शब्दवेध यांना हवी असलेली तुलना या वाक्प्रचारात आहे, फक्त ती शब्दाच्या रूपात नसून उंचीत आहे. उंटावरचा शहाणा नेहमी कोणाच्या तरी वर असतो, खाली उभे राहणारे असल्याशिवाय त्याचे शहाणपण उभेच राहत नाही. तो बाहेरचा असतो, त्याला लोकांनी मान देऊन बोलावलेले असते, तो खाली उतरून पाहत नाही आणि नुकसान घरच्यांचे होते. सूतगिरणीच्या बाईंनी जे लिहिले आहे त्यात यातले काय नाही?

दासबोधातला 'पढतमूर्ख' हाही आठवला. दुसऱ्या दशकाच्या दहाव्या समासात समर्थांनी त्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत आपल्या ज्ञातेपणाच्या बळावर सगळ्यांना शब्द ठेवणारा आणि प्रत्येकाचे उणे पाहणारा असे एक लक्षण आहे. 'उणे पाहणे' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. जर्मन भाषा 'अधिक' म्हणते तिथे समर्थांनी तीच तुलना समोरच्याच्या बाजूने, 'उणे' म्हणून सांगितली.

राजगडची वाट

'उंटावरचा शहाणा' मला पटत चालला आहे आणि 'दीडशहाणा'चा आग्रह मी सोडतो. तरी एक शंका आहे. उंटावरच्या शहाण्याचा सल्ला मूर्खपणाचा असतो, त्याशिवाय गोष्टच घडत नाही. बेसरविसर मात्र पुष्कळदा बरोबर असतो, तरीही तो नकोसा वाटतो. पश्चिमेचे व्यवस्थापक सांगत होते ते सगळेच चूक होते का?

एल्स्टरकाठ

प्रश्न रास्त आहे. नाही, सगळे चूक नव्हते. पूर्वेतली कित्येक यंत्रे जुनाट झाली होती, उत्पादन महाग पडत होते, आणि मार्क आल्यावर पूर्व युरोपातल्या जुन्या ग्राहकांना तो माल परवडेना. हे पूर्वेच्या कामगारांनाही ठाऊक होते. तुटलेल्या यंत्राला सुट्या भागांशिवाय चालते ठेवण्याचे काम त्यांनीच वर्षानुवर्षे केले होते. माझ्या विभागातले एक निवृत्त फोरमन मला म्हणाले होते की यंत्र जुने आहे हे सांगायला येणाऱ्याचा त्यांना राग आला नाही, ते इतकी वर्षे चालले कसे हे त्याने एकदाही विचारले नाही याचा आला. माझ्या मते या शब्दातली वेदना तिथे आहे, आणि सल्ला बरोबर निघाल्याने ती कमी होत नाही.

संहिता

आता बाईंचे वाक्य मी पुन्हा वाचले आणि त्यातली एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. 'आमचे एकही यंत्र चालताना त्याने पाहिले नव्हते, पण त्याला ठाऊक होते.' मी वर लिहिले की 'विसेन'चा अर्थ मुळात 'पाहिले आहे, म्हणून जाणतो' असा आहे. बाईंना व्युत्पत्ती माहीत असण्याचे कारण नाही, तरी त्यांनी व्यवस्थापकाचे पाहणे काढून घेतले आणि जाणणे तेवढे त्याच्याकडे ठेवले. म्हणून भाषांतरात 'पाहिले' हे क्रियापद काहीही झाले तरी ठेवावे. त्याच्या जागी 'अनुभव नव्हता' असे काही आले तर वाक्याचा कणा जाईल. आणि उंटावरचा शहाणा खाली उतरून पाहत नाही, हे माणदेशी यांनी आधीच लिहिले आहे.

शब्दवेध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मी दोन्ही वाक्ये पुन्हा लिहिली.

पतीसाठी मी जर्मन शब्दाची रचना सोडून दिली आणि आपल्या घरांतला सूर घेतला. नवऱ्याने भाजीत मीठ किती घालावे हे सांगितल्यावर आपल्याकडे बाई 'मोठे शहाणे आलेत!' म्हणते, आणि त्यात राग कमी व सलगी जास्त असते. म्हणून 'माझा लाडका बेसरविसर' याचे मी 'आमचे हे, माझे लाडके शहाणे' असे केले आहे. दुसरे वाक्य असे झाले आहे : 'मग आमच्याकडे पश्चिमेचा उंटावरचा शहाणा आला. आमचे एकही यंत्र चालताना त्याने पाहिले नव्हते, पण ते कसे चालवायचे हे त्याला आमच्याहून चांगले ठाऊक होते.' दोन्हीकडे 'शहाणा' आल्यामुळे बाईंनी राखलेले नाते टिकले, आणि तुलनेचे काम 'आमच्याहून' या एका शब्दाने केले. 'बेसरवेसी' हा मूळ शब्द मी तळटीपेत देणार आहे, एल्स्टरकाठ यांनी दिलेल्या सालासह, कारण १९९१ हे वर्ष कळले नाही तर मराठी वाचकाला ही एका गिरणीतली कुरबुर वाटेल.

एल्स्टरकाठ

तळटीप जरूर द्यावी, आणि तिच्यात जंगलभत्त्याचाही उल्लेख करावा. वाक्याविषयी एकच विनंती आहे : 'पश्चिमेचा' ऐवजी 'पश्चिमेकडचा' लिहावे. 'पश्चिमेचा' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात युरोप-अमेरिका येते, आणि बाईंचा पश्चिम तर गाडीने तीन-चार तासांवर होता, त्यांचीच भाषा बोलणारा.

शब्दवेध

हे माझ्या नजरेतून पूर्णपणे सुटले होते. 'पश्चिमेकडचा' असा बदल केला आहे.